विहिरीवरची पाटी

आमच्या गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून एक पत्रा लावलेला आहे. पत्रा उलटा लागलाय, त्यामुळं त्यावरची अक्षरं वाचायची तर मान वाकडी करावी लागते. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. ‘सदर विहीर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करण्यात आली आहे. आदेशावरून, तहसीलदार.’ खाली तालुक्याचं नाव होतं, ते गंजून गेलं. पाहुणेरावळे येतात, बघतात आणि हसतात. म्हणतात, “मास्तर, कोंबड्या बी सरकारजमा झाल्या का?” मी हसून वेळ मारून नेतो. पण त्या पत्र्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती एकदा नीट सांगून टाकावी म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर. कागद नांदेडचे, सोयरीक अहमदपूरकडची, बाजार कंधारचा आणि पोरांची शाळा लातूरची. मन्याड नदी जवळ असली तरी ती पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की तिच्यात गोटे आणि वाळूच दिसते. अशा गावात विहीर असणं म्हणजे घरात एक जादा कमावता माणूस असल्यासारखं.

आमची हीर आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी खोदली. निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. वरची हातभर काळी माती गेली की मुरूम लागतो, मुरूम गेला की काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. भेग सापडली तर पाणी, नाही तर नुसता खड्डा. सबंध मराठवाड्याचं नशीब या भेगांवर लटकलेलं आहे. हा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, अंगात पाणी न मुरवून घेणारा. त्यामुळं शेजारच्याच्या हिरीला धो धो पाणी आणि आपल्या हिरीत चिमण्या घरटं करतात, असं आमच्याकडं सर्रास असतं. आबांना पाच परसांवर झरा लागला. पूर्वेच्या कोपऱ्यातला झरा. त्या दिवशी त्यांनी गावाला गूळ वाटला म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. आमच्याकडची म्हातारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात, “बहात्तरला खायाला नव्हतं, पण प्यायाला होतं.” ते खरंच आहे. १९७० पासूनच पावसानं दगा द्यायला सुरुवात केली होती, १९७२ ला तर कणसंच भरली नाहीत. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्ली, शाळेत सुकडी खाल्ली. सुकडीचा तो गोडसर, थोडा खवट वास अजून नाकात आहे. आडाला मात्र तळाशी का होईना पाणी होतं. आमच्या हिरीला तर गुडघाभर कायम.

त्या साली सरकारची मदत गावात दोन वाटांनी आली. एक वाट खडी फोडायच्या कामावर जायची. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तेव्हा महाराष्ट्रभर राबायला लागली होती. पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला आणि देशानं २००५ साली तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर उचलली. कामावर जायचे ते बिनजमिनीचे आणि कोरडवाहूवाले. दुसरी वाट तगाईची. तगाई म्हणजे सरकारनं शेतकऱ्याला दिलेलं कर्ज, बैलाला, बियाण्याला किंवा हीर खोल करायला. ती मिळायची ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. आबांनी तगाई काढली, सुरुंग लावून हीर आणखी दोन परस खाली नेली. सुरुंग उडायच्या आधी गडी ओरडायचा, आम्ही पोरं लिंबाच्या झाडामागं पळायचो. गावातल्या बाया रस्त्यावर दगड फोडत होत्या आणि आमच्या हिरीत सरकारच्या पैशानं दगड फुटत होता. दुष्काळ दोघांवर सारखाच आला होता, पण तो गेल्यावर त्यांच्या हातात घट्टे राहिले आणि आमच्याकडं सात परसांची हीर राहिली. हे गणित माझ्या लक्षात यायला पुढं पंचवीस वर्षं गेली. गणिताचा मास्तर असूनही.

दुसरी एक गोष्ट मात्र तेव्हाच डोळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्या हिरीवर गाव पाण्याला यायचं. आबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत, त्याचा त्यांना अभिमान होता. पण पलीकडच्या वस्तीतल्या बाया हिरीच्या काठावर यायच्या नाहीत. त्या खाली, थारोळ्याच्या पुढं, दंडाच्या कडेला घागरी मांडून बसायच्या. आमच्याकडचं कुणी तरी पोहरा ओढून त्यांच्या घागरीत वरून ओतायचं. कुणी नसलं तर बसून राहायच्या. उन्हात, लेकरं घेऊन. नेमक्या त्याच काळात बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर गावं पालथी घालत होते. आमच्या गावाला ते वारं पोचलं नव्हतं. आमच्या रानात खुरपायला येणारी एक बाई होती, सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली. तीही तिथंच बसायची. तिच्या घागरीत पाणी ओतायचं काम कधी कधी माझ्याकडं यायचं. सहा वर्षांच्या पोराची वाट बघत ती बसलेली असायची. हे तिनं पुढं मला एकदा हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

बहात्तरनंतर जमिनीला भोकं पाडायची यंत्रं आली. मिशनवाल्यांनी, युनिसेफनं मोठाली मशिनं आणली. लोखंडी हातपंप घडाघडा मोडायचे, म्हणून सोलापूरच्या मिशनच्या कारखान्यात एक मजबूत पंप तयार झाला. त्याच नमुन्यावरून पुढं देशभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ बनला. आमच्याकडं त्याला हापसा म्हणतात. गावात पहिला हापसा बसला तो पलीकडच्या वस्तीजवळ. आक्काच्या पिढीला वाट बघत बसायचं कारण राहिलं नाही. सरकारनं केलेल्या चांगल्या कामांची यादी करायला बसलो तर मी हा हापसा फार वर ठेवीन.

पण जे मशीन हापशासाठी भोक पाडतं, तेच शेतासाठीही पाडतं. मोट गेली, इंजिन आलं, इंजिन जाऊन मोटर आली, मग पाण्यात बुडणारी मोटर आली. बोअर शंभर फुटांवरून दोनशे, दोनशेवरून चारशे फुटांवर गेले. लातूर शहरात तर सातशे-आठशे फूट बोलायला लोकांना काही वाटेनासं झालं. इंग्रजांच्या काळातल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्या खालचं पाणी काढायचा हक्क त्याचा, असंच धरलं गेलं. १९९३ साली महाराष्ट्रानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. गावाच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कुणी परवानगीशिवाय नवी विहीर पाडू नये, असं त्यात आलं. त्यानंतरचा २००९ चा कायदा २०१४ पासून लागू झाला. त्यानं शेतीला आणि कारखान्याला ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल जायची बंदी केली. कायदा पुस्तकात राहिला आणि बोअरच्या गाड्या रात्री चालत राहिल्या. आम्हीही त्यातलेच. आमच्या हिरीच्या तळात दादांनी, म्हणजे वडलांनी, चार आडवे बोअर मारून घेतले आणि दीड एकर ऊस लावला. साखर कारखान्यांचा मुलूख, नगदी पैसा. कुणालाच त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

२०१२ ला पाऊस रुसला. २०१४ ला पुन्हा. २०१५ ला तिसऱ्यांदा. आता म्हाताऱ्यांचं वाक्य उलटं झालं होतं. रेशनला गहू-तांदूळ होता, प्यायला पाणी नव्हतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण, बीड जिल्ह्यातल्या धनेगावचं, तळाला गेलं आणि मग तळही उघडा पडला.

मी तेव्हा लातूरला शिकवत होतो. तिथं छोटं घर बांधलेलं, घराला नळ, नळाची पट्टी भरलेली पावती. नळाला महिना महिना पाणी नसायचं. गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. ज्याच्याकडं पैसे तो खासगी टँकर घ्यायचा. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांवर, टँकर भरायच्या जागांवर कलम १४४ लावलं. पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. दंगलीत लावायचं कलम पाण्याला लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच महिन्यात गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. “दादा ऐकनात. तू ये. तलाठी आलेत, हीर घ्यायलेत.”

हीर घेणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगितलं पाहिजे. टंचाईत सरकार काय काय करतं याची एक ठरलेली यादी असते. नळयोजनेची दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, नवीन विंधन विहिरी, हापशांची दुरुस्ती, विहिरीतला गाळ काढणं, खासगी विहिरींचं अधिग्रहण आणि शेवटी टँकर. कागदावर अजूनही ‘टँकर/बैलगाडी’ असंच छापलेलं असतं. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन टप्प्यांत होतो. गावानं ठराव करायचा, पंचायत समितीनं पाहणी करायची, मग प्रस्ताव तहसीलला. गावात आणि जवळपास कुठंच पाणी नाही, असं ठरलं तर टँकर. टँकरचा हिशोब माणशी दिवसाला वीस लिटर. जवळ कुणाच्या खासगी हिरीला, बोअरला पाणी असेल तर आधी तेच घ्यायचं. तहसीलदार आदेश काढतो, मालकाला रोजाप्रमाणं मोबदला ठरतो. मालकी मालकाचीच राहते, पण टंचाई सरेपर्यंत पाणी गावाचं. मालकाला नाही म्हणता येत नाही.

दादा नाही म्हणत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस ओट्यावर बसून तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला सांगत होता, “माझ्या बापानं खांदली. तगाई मी फेडली. सरकारनं काय केलं?” तलाठी बिचारा तरुण पोरगा, मोटरसायकलवर उन्हातानात फिरून काळा पडलेला. तो म्हणाला, “बाबा, मी काय माझ्या घरी न्यायलोय का पाणी?” मी पोचलो तेव्हा पंचनामा होऊन गेला होता. दादांनी सही केली नव्हती. सही नसली तरी आदेशाला काही अडत नाही.

रात्री जेवताना दादा माझ्यावरच घसरले. “तुमच्या शहराला सगळं जग पाणी देईल. गावाला कोण देतंय? गावाला गावच देतंय. म्हणजे मीच की.” मी म्हणालो, “दादा, आबा तर कुणाला नाही म्हणायचे नाहीत.” ते म्हणाले, “आबा देत होते. हे घ्यायलेत. देण्यात आन घेण्यात फरक हाय का न्हाई?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आई मात्र भाकरी थापता थापता बोलली, “फरक हाय की. दिलेलं वरून पडतंय.” तिचं म्हणणं दादांना कळलं का नाही कोण जाणे. मला कळलं. मी दंडाच्या कडेला बसलेल्या घागरी पाहिल्या होत्या.

चार दिवसांत ग्रामपंचायतीनं रस्त्याच्या कडेला पाच हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी बसवली, तिला चार तोट्या. आमच्या मोटरीची पाइप टाकीपर्यंत नेली. हिरीवर निळी पाटी ठोकली. सकाळी आणि संध्याकाळी मोटर चालवून टाकी भरायची, भरेल तितक्यांदा. गावची वस्ती दीड हजाराच्या आसपास. वीस लिटरनं धरलं तर तीस हजार लिटर. रात्रभर झिरपून आमच्या हिरीत साधारण तेवढंच जमायचं. म्हणजे हीर गावापुरती होती. उसापुरती नव्हती.

ऊस वाळायला लागला. आधी शेंडे पिवळे, मग पानं दोरीसारखी वळली. दीड एकर ऊस डोळ्यांदेखत जाताना ज्यानं पाहिला नाही, त्यानं दादांना नावं ठेवू नयेत. पण जे झालं ते सांगितलंच पाहिजे. शेतीची लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असते. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात एकदा दादा तीन वाजता उठले, टाकीची पाइप काढली, दंडात सोडली आणि मोटर चालू केली. दोन तासांत उसाच्या चार-पाच सऱ्या भिजल्या. पाइप पुन्हा जागेवर लावली. येऊन झोपले.

सकाळी भावानं टाकीसाठी मोटर चालू केली तर दहा मिनिटांत ती हवा ओढायला लागली. टाकीवर पन्नास-साठ घागरी, टिपाडं, पोरांच्या सायकलींना लटकवलेले डबे. भाऊ हिरीत डोकावला. झरा ओला, तळ उघडा. मग त्याचं लक्ष उसाकडं गेलं. काळ्या मातीच्या ओल्या सऱ्या उन्हात चमकत होत्या. लपवायला काही जागाच नव्हती.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या, एकेक घागर उचलून चालू लागली. आक्का तेवढी मागं राहिली. आता तीही सत्तरीला टेकलेली, पाठीत वाकलेली. ती पाटीजवळ गेली, पाटीवर हात ठेवला आणि दादांना म्हणाली, “बापू, ह्याच्यावर काय लिव्हलंय मला वाचाया येत न्हाई. तुम्हाला येतंय की.”

एवढंच. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती गेली.

दादा दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भावाला विळे काढायला सांगितलं. उभा ऊस तोडला आणि गावातल्या जनावरांना वैरण म्हणून वाटून टाकला. ज्याची जनावरं जास्त त्याला जास्त, असा हिशोब सुद्धा केला नाही, दावणीमागं एक भारा. भावाला ते पटलं नाही. कारखान्याला न जाणारा ऊस निदान चारा म्हणून विकता आला असता. त्याचंही चुकत नव्हतं, घरात त्या वर्षी दुसरं उत्पन्न नव्हतं. मी महिन्याचा पगार दिला. त्यावरून भावाभावांत पुढं दोन वर्षं बोलणं कमी झालं, तेही या दुष्काळाच्याच खात्यात मांडायला हवं. आक्काच्या गोठ्यात एक शेळी होती. तिच्या दारात दादांनी स्वतः भारा नेऊन टाकला. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही.

नंतर मी वहीत हिशोब मांडला. एका एकरात दोन इंच पाणी उभं करायचं तर दोन लाख लिटर लागतं. म्हणजे आमच्या गावाचं जवळजवळ आठवड्याचं पिणं. उसाला अशा किती पाळ्या लागतात हे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. आम्हीच ते कधी घागरीत मोजलं नव्हतं.

मी लातूरला परतलो आणि एप्रिलमध्ये रेल्वे आली. ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा टाक्यांची गाडी निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, कृष्णेचं पाणी, पाच लाख लिटर. गाडीचं नाव ‘जलदूत’. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन या टाक्या आणल्या होत्या. लोकांनी हार घातले, नारळ फोडले, पुढाऱ्यांनी फोटो काढून घेतले. मीही जाऊन पाहिलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. २० एप्रिलपासून पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, एका फेरीला २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत १११ फेऱ्या झाल्या आणि जवळपास २६ कोटी लिटर पाणी आलं. आपल्या देशात याआधी १९८६ साली राजकोटला असं पाणी नेलं होतं, आणि पुढं २०१९ ला चेन्नईला न्यावं लागलं.

सवयीनं मी तिथंही भागाकार केला. लातूरची वस्ती चार लाखांच्या घरात. पंचवीस लाखांना चार लाखांनी भागलं तर माणशी सव्वासहा लिटर. टँकरवरच्या खेड्याला कागदावर वीस लिटर. सव्वासहा लिटरला जगानं पाहिलं, वीस लिटरसाठी किती हिरींवर पाट्या लागल्या ते कुणी मोजलं नाही. रेल्वेला मी कमी लेखत नाही. त्या पाण्यानं शहर टिकलं. आमच्या घरीही ते पाणी आलं, मी ते प्यालो. मिरजेच्या लोकांनी आपल्या नदीतून ते जाऊ दिलं, ही काही लहान गोष्ट नाही.

पण मला त्या दिवशी स्टेशनावर वेगळंच काही तरी दिसलं. गाडीतलं पाणी उतरवायला जागा हवी होती. प्रशासनानं स्टेशनाजवळची एक मोठी विहीर अधिग्रहित केली होती. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर येऊन शेवटी तिथं ओतायचं आणि तिथून पुढं शुद्धीकरणाला न्यायचं. मी गर्दीत उभा राहून हे ऐकलं आणि मला आमची निळी पाटी आठवली. एवढी मोठी रेल्वे, पण तिचंही पाणी शेवटी अधिग्रहण केलेल्या हिरीतच. तेव्हा मनाशी पक्कं झालं की दुष्काळात सरकार पाणी तयार करत नाही, ते कुणालाच करता येत नाही. पाणी कुणाच्या तरी हिरीत, कुणाच्या तरी नदीत असतंच. सरकार फक्त ते एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या घागरीपर्यंत न्यायची वाट करून देतं. त्या वाटेवर ज्याची हद्द आहे, त्याची झोप उडते. ती उडायलाच पाहिजे. मात्र त्याचा हिशोबही चोख झाला पाहिजे.

तो काही चोख झाला नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा पाटी लागून तीन महिने झाले होते. विजेचं बिल आमच्याच मीटरवर आलं. मोबदल्यासाठी दादांनी किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. कधी बिल पाठवलं म्हणायचे, कधी अनुदान आलं नाही म्हणायचे, कधी पंचनाम्यावर सही नाही म्हणायचे. तेव्हा दादा मला म्हणाले, “बघ, तवा सही लागत न्हवती. आता लागायली.” पैसे आले ते पुढच्या साली, पाऊस येऊन, पेरा होऊन, सुगी झाल्यावर. ज्याला घर चालवायला दुसरा आधार नाही, त्याच्या हिरीवर पाटी लावून असं वर्षभर तंगवलं, तर पुढच्या दुष्काळात तो पाणी लपवायलाच शिकेल. कुणी हिरीवर फळ्या टाकील, कुणी मोटर काढून ठेवील. आमच्या भागात असं करणारे मी पाहिलेत. त्यांना नुसतं दुष्ट म्हणून भागत नाही. मोबदला महिन्याच्या महिन्याला मिळणं ही मालकाची चैन नाही, गावाच्या पाण्याची ती हमी आहे.

आलेल्या पैशातून विजेचं बिल वजा जाता जे उरलं, त्यातून दादांनी हिरीचा पडायला आलेला काठ बांधून घेतला. भाऊ म्हणाला, “त्या बाजूला कशाला? तिकडून कोण येतंय?” काठ बांधला होता दंडाच्या बाजूचा. जिथं घागरी मांडून बसायच्या, तिथून वर यायला दादांनी चार पायऱ्या करून घेतल्या होत्या. आता तिकडून कुणी येत नाही हे खरं. हापसा आहे, नळ आहे. पायऱ्या मात्र आहेत.

२०१६ च्या सप्टेंबरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. कैक वर्षांनी मांजरा धरण भरलं. लातूरचे लोक सहकुटुंब धरण बघायला गेले, जत्रेला जावं तसे. आमची हीर काठोकाठ आली. पोरांनी उड्या मारल्या. पाटी कुणी तरी काढून गोठ्यात टाकली. आम्ही पुन्हा ऊस लावला नाही. सोयाबीन आणि तूर करतो, हिवाळ्यात हरभरा. पैसा कमी होतो. भाऊ अजून कधी कधी उसाचं नाव काढतो, दादा ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

२०१८ चा पावसाळा पुन्हा अर्ध्यावरच गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात गावात पुन्हा टंचाईचा ठराव झाला. एप्रिलच्या सुट्टीत मी घरी होतो. ग्रामसेवक नवीन होता, बरोबर पंचायत समितीचा माणूस. आमच्या दादांची ख्याती त्यांच्या कानावर गेलेली दिसत होती, कारण दोघंही फाटकातच थांबले. “बाबा आहेत का?” असं दबकतच विचारलं.

दादा ओट्यावरच होते. कागद मागितला, चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवत सगळा वाचला. मग सही केली. म्हणाले, “मोबदल्याचं तेवढं बघा. मला नाही, माझ्यामागं पोरगं हाय, त्याला खेपा नकोत.” ग्रामसेवक बरं म्हणाला आणि पाटीसाठी पत्रा, रंग आणावा लागेल असं बरोबरच्याला सांगायला लागला. दादा उठले, काठी टेकत गोठ्यात गेले आणि खुराड्याचं दार काढून घेऊन आले. कोंबड्या अंगणभर झाल्या.

“नवी कशाला रंगवायलाव?” ते म्हणाले. “आमच्याकडं हाय.”